मामंजींच्या पेल्यातील मेक्सिको

मिचेलादा हे मेक्सिकोचे पेय असून त्याचा मुख्य घटक बियर आहे, हे प्रारंभीच सांगून टाकते. ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या हाती जाणाऱ्या पाक्षिकात बियरचा पेला कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. तो आमच्या घरातही उपस्थित झाला होता आणि त्याचे उत्तर शोधण्यात आमचे काही महिने गेले.

थंड केलेला जाड काचेचा पेला, त्याच्या कडेवर लिंबाची फोड फिरवून चिकटवलेले मीठ किंवा तिखट-मीठ, तळाशी एक-दोन लिंबांचा रस, तिखट सॉसचे थेंब, काळसर रंगाचे दोन खारट-आंबट अर्क, मग बर्फ आणि त्यावर पेला तिरका धरून हळूहळू ओतलेली फिकट रंगाची हलकी बियर, असे याचे सर्वसाधारण रूप. बियर भसकन ओतून चालत नाही. मिठाच्या कणांभोवती वायूचे बुडबुडे झपाट्याने धरतात आणि फेस ओट्यावर उतरतो. काळसर अर्कांपैकी एक म्हणजे वूस्टरशर सॉस. मेक्सिकोत त्याला ‘साल्सा इंग्लेसा’, अर्थात इंग्रजी सॉस म्हणतात. दुसरा ‘हुगो मॅगी’. आपल्याकडे मॅगी म्हटले की शेवया आठवतात. तिकडे हे नाव सोया सॉससारख्या अर्काच्या बाटलीवर असते आणि ती बाटली जवळपास प्रत्येक स्वयंपाकघरात सापडते. काही ठिकाणी यात टोमॅटोचा रसही घालतात, बहुधा ‘क्लामातो’ नावाचा तयार रस. त्यात शिंपल्यांचा अर्क असतो, हे शाकाहारी माणसाने लक्षात ठेवावे. वूस्टरशर सॉसच्या मूळ कृतीतही मासे असतात.

नावाविषयी मात्र एकवाक्यता नाही. मेक्सिको शहरात मिचेलादा मागितली तर पुष्कळ ठिकाणी नुसते लिंबू आणि मीठ घातलेली बियर पुढे येते, सॉस हवे असतील तर ‘कुबाना’ म्हणावे लागते. अन्यत्र त्या लिंबू-मिठाच्या साध्या प्रकारालाच ‘चेलादा’ म्हणतात. बोलीभाषेत बियरला ‘चेला’ म्हणतात, तेव्हा ‘माझी गार चेला’ या अर्थाच्या शब्दांचा संकोच होऊन हे नाव बनले, असे काही सांगतात. दुसरी आख्यायिका सान लुईस पोतोसी शहरातील एका क्लबच्या मिशेल नावाच्या सभासदाची आहे. तो बियरमध्ये लिंबू, मीठ आणि बर्फ घालून मागे, म्हणून ते ‘मिशेलचे लिंबूपाणी’ झाले. दोन्ही कथा ऐकायला गोड आहेत. खरेखोटे करण्याच्या भरीस कोणी पडत नाही.

माझ्या पतींच्या नोकरीनिमित्त आम्ही हालिस्को राज्यातील ग्वादालाहारा शहरात राहतो. सासूबाई गेल्यानंतर मामंजींना आम्ही येथे आणले. ते साखर कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त होऊन दोन तपे झाली तरी प्रत्येक द्रवाकडे ते आजही रसाचा ब्रिक्स मोजणाऱ्याच्या दृष्टीने पाहतात. येथे आले तेव्हा ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सासूबाईंच्या पश्चात सात महिन्यांत त्यांचे वजन ६२ किलोंवरून साडेपंचावन्नवर आले होते. ‘भूक नाही’ एवढेच उत्तर मिळे. म्हातारपणी माणूस वाळतोच, असे म्हणून सोडून देण्याचा हा विषय नव्हे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावीच लागते. आम्ही ती करून घेतली. रक्त, थायरॉईड, पोट सारे पाहून झाले. गंभीर असे काही निघाले नाही. कवळी सैल झाली होती, ती नीट बसवून घेतली. त्याने चावणे सुधारले, परंतु जेवणावरची वासना परतली नाही.

ती परतण्याची पहिली खूण शेजारच्या अंगणात दिसली. शेजारी आमच्या मामंजींच्याच वयाचे एक दांपत्य राहते. येथे दुपारचे मुख्य जेवण तीनच्या सुमारास होते, आणि रविवारी ते दोन-अडीच तास चालते. एप्रिल-मे हे येथले सर्वांत तापलेले महिने. पाऊस जूनमध्ये येतो. अशाच एका रविवारी आजींनी आम्हा सर्वांना बोलावले होते. टेबलावर काकडी आणि हिकामा या पांढऱ्या, रसाळ कंदाच्या फोडी होत्या, त्यांवर लिंबू पिळून तिखट भुरभुरले होते. आजोबांसमोर मिचेलादाचा पेला होता. मामंजींनी एक फोड उचलली, मग दुसरी, मग ताटलीच आपल्याकडे ओढून घेतली. मग पेल्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, “सूनबाई, हे काय आहे ते विचार.”

मामंजी मद्यपी नव्हेत. कारखान्याच्या दिवसांत महिन्या-दोन महिन्यांतून मित्रांसोबत बियरचा एखादा ग्लास घेत. सासूबाईंना ते रुचत नसे, आणि त्यांना रुचत नाही म्हणून मामंजी घरी कधी घेत नसत. आता त्यांना तो पेला हवा होता. त्याच्या निमित्ताने पानावर बसण्याची इच्छा परतत होती, हे आम्हा सर्वांना दिसत होते. आणि त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाबाची गोळी आणि रात्रीची झोपेची अर्धी गोळी होती.

घरात दोन मते झाली. माझे पती म्हणाले, “ऐंशीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला आपण आणखी काय काय नाकारणार? आई गेली, गाव सुटलं, भाषा सुटली. एक पेला घेतला तर काय बिघडतं?” या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठांची काळजी घेता घेता आपण नकारांची एक यादीच होऊन बसतो. परंतु गोळ्यांचा डबा दर आठवड्याला मीच भरत होते, आणि त्या डब्याकडे पाहून मला होकार देता येत नव्हता. शेवटी ठरले की हा निर्णय ज्यांचा आहे त्यांनीच तो डॉक्टरांना विचारून घ्यावा. आम्ही दुभाष्याचे काम करू.

वृद्धरोगतज्ज्ञांनी उपदेशाचा सूर मुळीच लावला नाही. ते म्हणाले, “एका पेल्याने तुमचे यकृत निकामी होणार नाही. परंतु वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच मद्याची रक्तातील तीव्रता तरुणपणापेक्षा जास्त होते. झोपेची गोळी आणि मद्य एकमेकांचा परिणाम वाढवतात. रक्तदाबाच्या गोळीने उठताना आधीच थोडी भोवळ येते, मद्याने ती वाढते. रात्री लघवीला उठताना तोल जाऊन डोके आपटले, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे आतला रक्तस्राव आटोक्यात आणणे फार कठीण जाते.” मामंजींनी शांतपणे विचारले, “म्हणजे बियरमधला नेमका घटक नको आहे तो अल्कोहोल?” डॉक्टर म्हणाले, “तो, आणि पेल्याच्या कडेवरचे मीठ.” “मग उरलेले पेय माझे,” मामंजी म्हणाले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या देशात बियर नव्हती. घायपातीच्या जातीच्या मागेय वनस्पतीचा रस आंबवून केलेले ‘पुल्के’ हे पेय होते. आस्तेक समाजात त्यावर कडक निर्बंध असत. तरुणाने मद्यधुंद होणे हा प्राणदंडास पात्र अपराध मानला जाई. मात्र सोळाव्या शतकात तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंदोसा’ या चित्रग्रंथात सत्तरी गाठलेली, मुलानातवंडांची एक वृद्धा पुल्के पिताना दाखवली आहे. त्या वयाच्या स्त्री-पुरुषांना ती मुभा होती. हा ग्रंथ आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्या चित्राची प्रत मामंजींना दाखवली, तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हिला रक्त पातळ करायची गोळी नव्हती.”

आता उरलेल्या पेयाविषयी. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते आणि तिच्याबरोबर अन्नाची चव फिकी पडते. अनेक ज्येष्ठ वरून मीठ मागतात किंवा जेवणच टाकतात, त्यामागे हेही कारण असते. तिखटपणा ही मात्र काटेकोर अर्थाने चव नव्हेच. मिरचीतील कॅप्सेसिन उष्णतेची आणि वेदनेची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. ज्या ग्राहकामार्फत हे घडते त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. सोड्याचा चरचरीतपणाही बव्हंशी अशाच मार्गाने जाणवतो. आंबटपणाने लाळ सुटते, आणि अनेक औषधांनी तोंड कोरडे पडलेल्या माणसाला ती लाळ मोलाची असते. आंबट, तिखट, गार आणि चरचरीत असे चार धक्के एका घोटात देणारे हे पेय जिभेला का जागे करते, याचा हा माझ्यापुरता लागलेला उलगडा. बियरचा त्यात वाटा थोडा कडवटपणाचा.

मेक्सिकोत हे काही नवे नाही. ज्यांना बियर नको असते त्यांच्यासाठी येथे ‘आग्वा मिनेराल प्रेपारादा’, म्हणजे तीच सारी सामग्री घातलेले खनिजयुक्त सोडापाणी मिळते. हालिस्कोचे स्वतःचे ‘तेहुइनो’ तर आपल्या आंबिलीचे मावसभावंड शोभावे. मक्याचे पीठ आणि गूळ शिजवून थोडे आंबवतात आणि वर लिंबू, मीठ व लिंबाच्या बर्फाचा गोळा घालून देतात. मामंजींनी ते चाखून पहिला प्रश्न किण्वनाच्या अवधीचा विचारला.

मिरचीवरून त्यांचा शेजारच्या आजोबांशी वादही झाला. मिरची मूळची मेक्सिकोची, हे मामंजी मान्यच करीनात. कोल्हापूरच्या माणसाने ते कसे मानावे? परंतु ‘चिल्ली’ हा शब्द आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेचा, ‘टोमॅटो’ही त्याच भाषेतला, आणि मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर आली. त्याची भरपाई मात्र लिंबाने होते. मेक्सिकोत ज्याला मेक्सिकन लिंबू म्हणतात, ते लहान, पातळ सालीचे, हिरवे लिंबू म्हणजे आपले कागदी लिंबूच. ते मूळचे आशियाचे. अरबांमार्फत स्पेनला आणि तेथून स्पॅनिशांबरोबर येथे आले. तेव्हा पेल्यात लिंबू आमचे आणि मिरची तुमची, असा तह उभयतांत झाला.

खरी अडचण मिठाची होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, म्हणजे सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत राहावे. एक सपाट चहाचा चमचा मीठ म्हणजे हा सगळा कोटा, आणि तो भाजी, आमटी, पोळी, लोणचे धरून. सोया सॉसच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि ‘हुगो मॅगी’ हा त्याच पंगतीत बसणारा अर्क आहे. त्यात वूस्टरशर, तयार टोमॅटो रस, तिखट सॉस आणि कडेवरचे मीठ मिळवले की रक्तदाबाच्या रुग्णाचा दिवस एका पेल्यातच संपतो. मद्य काढले की पेय निरुपद्रवी झाले, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. बाटलीवरचे बारीक अक्षरांतले तक्ते वाचण्याचे काम मामंजींनी भिंग घेऊन स्वतःकडे घेतले. चार दिवसांत आमच्या फडताळातील निम्म्या बाटल्या त्यांनी शेरे मारून मागच्या रांगेत ढकलल्या.

त्यांच्या देखरेखीखाली जी कृती ठरली ती अशी. दोन मध्यम पिकलेले टोमॅटो वाफवून, वाटून, गाळून त्याचा पाऊण कप रस करावा आणि गार करावा. वूस्टरशर सॉसच्या घटकांत मासे आणि सिर्क्याबरोबर चिंचही असते. त्यातील चिंच तेवढी आपण ठेवावी. चिंचेचा कोळ एक चमचा, चिमूटभर मिरपूड आणि आवडत असल्यास आल्याच्या रसाचे दोन-तीन थेंब पेल्याच्या तळाशी घालावेत. त्यावर दीड लिंबाचा रस आणि तिखट सॉसचे दोन-तीन थेंब. कडेसाठी वाहिलो नावाची येथली कमी तिखट, गडद लाल सुकी मिरची मंद आचेवर भाजून पूड करावी आणि तीत वाळवलेल्या लिंबाच्या सालीचा कीस मिसळावा. मीठ असलेच तर नखावर राहील एवढे. ही पूड पेल्याच्या अर्ध्याच कडेवर लावावी. पिणाऱ्याला घोट कोणत्या बाजूने घ्यायचा याची निवड राहते, आणि अर्धी कडा लावली की मीठही आपोआप अर्धे होते. मग टोमॅटोचा रस, दोन-तीन बर्फाचे खडे, आणि शेवटी पेला तिरका धरून साधे सोडापाणी किंवा मद्यविरहित बियर, पाऊण कपाच्या आसपास. ढवळायचे एकदाच, तळापासून वर, नाहीतर चरचरीतपणा उडून जातो.

मद्यविरहित बियरबद्दल दोन शब्द. ‘अल्कोहोलविरहित’ असे लिहिलेल्या काही बाटल्यांत अर्धा टक्क्यापर्यंत मद्य असू शकते, म्हणून ‘०.०’ असा स्पष्ट उल्लेख पाहावा. तिच्यात साखर आणि पिष्ट असतेच, मधुमेही व्यक्तीने ते हिशेबात धरावे. ज्यांनी मोठ्या प्रयत्नाने दारू सोडली आहे त्यांच्या हाती मात्र ती देऊ नये. तो वास आणि तो कडवटपणा जुनी ओढ जागी करू शकतो. त्यांच्यासाठी सोडापाणीच योग्य, आणि तेही सोडियमचा आकडा पाहून घेतलेले.

टोमॅटोत पोटॅशियम असते; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना हा रस नित्य घेऊ नये. आम्लपित्त, तोंडातील व्रण, पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणे, यांपैकी काही असेल तर हे पेय त्यांचे नव्हे. आंबट पिऊन झाल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दात लगेच घासू नयेत. आणि एक विचित्र वाटणारी, पण खरी सूचना. लिंबू पिळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय उन्हात जाऊ नये. लिंबाच्या सालीतील आणि रसातील काही द्रव्यांमुळे ऊन लागताच त्वचेवर भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येतात. त्वचारोगाच्या ग्रंथांतून याला ‘मेक्सिकन बियरचा त्वचादाह’ असेही गमतीचे नाव मिळाले आहे. ज्येष्ठांची नाजूक त्वचा असेल तर ही गंमत उरत नाही.

मूळ पेय ज्यांना घ्यायचे आहे त्यांनी घ्यावे की नाही, याबद्दल मी निवाडा देणार नाही. फक्त हे ठाऊक असावे की जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नसल्याचे म्हटले आहे, आणि तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासूनच मद्याला कर्करोगकारक द्रव्यांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर मद्याने रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि बियरने यूरिक आम्ल वाढून संधिवाताचा ठणका उठू शकतो.

रविवारच्या जेवणाला आता मामंजींच्या पुढेही तसाच जाड काचेचा पेला असतो. आजी तो आपल्या फ्रिजमध्ये आदल्या रात्रीच गार करून ठेवतात. पहिल्या दोन रविवारी त्यांनी आजोबांच्या पेल्याकडे अंमळ रोखून पाहिले, हे मी पाहिले. तिसऱ्या रविवारी आजोबाच मामंजींच्या पेल्याकडे वळले, कारण त्यांच्या डॉक्टरांनीही काही सांगितले होते. पेयाने वजन वाढत नाही. त्याच्या सोबत खाल्लेल्या घेवड्याच्या उसळीने, मक्याच्या तोर्तियांनी आणि अंड्यांनी वाढते. चार महिन्यांत मामंजी ५८ किलोंवर आले. झोपेची अर्धी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केली.

या कृतीची एक प्रत मामंजींनी आपल्या सुबक अक्षरात लिहून कारखान्यातील जुन्या मित्राला पाठवली. वाहिलोच्या जागी त्यांनी ब्याडगी सुचवली होती; मग संकेश्वरीही चालेल, पण निम्मी, अशी तळटीप. मित्राचा दूरध्वनी आला तो रविवारी सकाळी, आमचे आठ म्हणजे तिकडचे सायंकाळचे साडेसात. कृती मिळाली, सामान आणले, पण यात बियर कुठे आहे, असे तो मोठ्याने विचारत होता. “ती ओतायच्या आधी तुझ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखव,” मामंजी म्हणाले, आणि लिंबाचा रस नेमका किती मिलिलिटर हे सांगण्यासाठी फोन माझ्या हाती देऊन चष्मा शोधायला गेले.